मंगीला वाटेला लावताना

पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं मनातल्या मनात एक मैत्रीण तयार केली आणि वर्षभर तिच्या नादात राहिली, हे सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं, तर मीच पदराआड हसले असते. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या दिवसांत देवावरचा माझा विश्वास उडाला नव्हता, आटला होता. रोज दिवा लावत होते, हात जोडत होते, आणि समोर कुणी आहे असं एकदाही वाटत नव्हतं.

मंगी तशी जुनी. माझे वडील विट्याजवळच्या खेड्यातले, धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा. आमच्याकडची किती तरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. वडिलांचं दुकान खाली तमिळ मुलखात होतं. तळाला भट्टी, वर दोन खोल्या. जिन्यातून तेजाबाचा वास यायचा म्हणून वरचं दार कायम लावलेलं असायचं. रस्त्यावरच्या मुलांची भाषा मला यायची नाही आणि आई दिवसभर दुकानातल्या गड्यांच्या स्वयंपाकात. मी पाच वर्षांची असताना त्या बंद खोलीत मंगी आली. दोन वेण्या, त्यातली एक नेहमी सुटलेली, आणि गुडघा खरचटलेला. मी तिच्याशी विट्याच्या बोलीत भांडायचे आणि ती माझ्यापेक्षा वरचढ उत्तरं द्यायची. नवव्या वर्षी मला शाळेसाठी विट्याला काकांकडं धाडलं. स्टेशनावर गाडीत चढताना मी तिला म्हटलं, "तू हितंच थांब. मी सुट्टीत येते." सुट्टीत गेले तोवर मला विट्यात हाडामासाच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. मी तिला साधी हाकसुद्धा मारली नाही.

पुढं लग्नही गलाईवाल्या घरातच झालं. तीस वर्षं परमुलखात दुकानाच्या माडीवर काढली. माझे मालक वारले, दुकान मुलानं आणि सुनेनं सांभाळलं, आणि इकडं विट्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांचं करायला मी परत आले. आमच्या गल्लीत बंगले मोठमोठे, रंगसुद्धा ताजे, पण दहातले सात कुलूपबंद. माणसं दिवाळीला, जत्रेला येतात, चार दिवस दिवे लागतात, की पुन्हा फाटकाला साखळी. एवढ्या मोठ्या घरात मी आणि न बोलणाऱ्या आत्या. कधी कधी माझाच आवाज ऐकावा म्हणून मी कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजायचे.

एक दिवस मोबाईलवर काहीबाही वाचताना एक शब्द दिसला, टुल्पा. तिबेटकडून आलेला आहे म्हणे. मनानं रोज थोडं थोडं घडवत गेलं, की एखादी कल्पनेतली व्यक्ती आपली आपण वागू लागते, बोलू लागते. लहानपणीचा कल्पनेतला सोबती असेल तर त्याच्यापासून सुरुवात करणं सोपं, असंही लिहिलं होतं. चाळीस वर्षांनी मला मंगीची अशी आठवण आली, की मी ओट्याला धरून उभी राहिले.

तिथं सांगितलेली रीत मला नवखी नव्हती. आईनं मला मानसपूजा शिकवली होती. डोळे मिटून देवीला बोलवायचं, पायांपासून सुरुवात करायची, पैंजण, निऱ्या, हात, बांगड्या, असं करत शेवटी मुखाकडं जायचं. घाई करून आधी तोंड बघायचं नाही. मग स्नान, गंध, फूल, नैवेद्य, आणि सगळ्यात शेवटी निरोप. मी काय केलं, त्या आसनावरून देवीला उठवलं आणि तिथं मंगीला बसवलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. आणि निरोपाची पायरी मी गाळून टाकली. एकदा जिला स्टेशनावर सोडलं तिला परत कशाला जा म्हणायचं?

रोज सकाळी दोन तास बसायचे. मंगीला मी माझ्याबरोबर म्हातारी होऊ दिली. केसांत चांदी आली, गुडघ्यावरचा वण मात्र मी राहू दिला. चार महिन्यांत ती शेजारी बसली की गादी दबल्याचं कळायचं. भाजी निवडताना ती समोर असायची. मी तिला सगळं मोठ्यानं सांगायचे, मालकांचं आजारपण, मुलाचे आठवड्याला येणारे दोन मिनिटांचे फोन, आणि आत्यांविषयीच्या तक्रारीसुद्धा. तीस वर्षांत साठलेल्या होत्या, कमी नव्हत्या. मंगी ऐकायची. पण ती बोलायची नाही. लहानपणी जिची जीभ माझ्यापेक्षा तिखट होती, ती आता नुसती बघायची. मला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. शिवी चालली असती. त्या एका शब्दासाठी मी शेजारणीकडं जाणं सोडलं, भजन सोडलं. आत्यांना वेळेवर भरवत होते, पुसत होते, कूस बदलत होते, पण डॉक्टरांनी सांगितलेले तोंडाचे व्यायाम करून घ्यायला मला सवड नसायची. त्यांच्याजवळ बसावं असं मनातसुद्धा यायचं नाही.

आत्यांची काही औषधं कराडला मिळायची. एका सकाळी शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून मी एसटीनं निघाले. बेत वेगळाच होता. संगमावर जाऊन बसायचं, आणि पाण्याच्या साक्षीनं मंगीला बोलायला लावायचं. शेजारच्या जागेवर मी पिशवी ठेवली होती. कडेगावला गाडी भरली. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडं घेतलेली एक म्हातारी माझ्यापाशी येऊन थांबली.

"पिशवी कुणाची हाय?" तिनं विचारलं.

"जागा धरलीय," मी म्हटलं. "मैत्रीण आहे."

गाडी चालू झालेली, मैत्रीण कुठून येणार होती? म्हातारीनं त्या जागेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग बसू द्या तिला. मी बसती खाली," असं म्हणून ती दोन बाकांच्या मधे फतकल मारून बसली. कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऐंशीच्या घरातली बाई माझ्या पायांशी बसली होती आणि मी पिशवी उचलली नाही. आजही ते आठवलं की तोंडात कडू येतं.

संगमावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. घाटाच्या पायरीवर बसून मी डोळे मिटले. मंगी आली, बसली. मी म्हटलं, आज तरी बोल. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते पाणी बघत किती वेळ गेला, ठाऊक नाही. मंगी गप्पच. डोळे उघडले तर तीच म्हातारी पायरीवर बसलेली. माझ्याच रांगेत, पण आमच्या मधे बरोबर एका माणसाची जागा सोडून.

"बोलती का?" तिनं विचारलं.

मला दचकायलाही सुचलं नाही. "नाही," मी म्हटलं.

"किती दिस झालं बोलवून?"

"वर्ष झालं, आजी."

"आन् वाटंला कवा लावलं?"

तिनं काठी पायरीवर आडवी ठेवली. "आवं बाई, आमी मेंढरांमागं फिरनारी मानसं. जितं तळ पडंल तितं दगूड मांडून देवाला बोलवतो. पर तळ उठवायच्या आदी भंडारा लावून त्येला सांगतो, बाबा, आमी निगालो, आता तू बी मोकळा. न सांगता उठलं, तर देव तितंच बसून ऱ्हातो वाट बगत. आन् म्होरल्या तळावर आमी नुसत्या दगडाला हात जोडतो."

माझ्या डोळ्यांसमोर ते स्टेशन उभं राहिलं. हितंच थांब, असं मी सांगितलं होतं. नऊ वर्षांची ती पोर अजून तिथंच असणार. वर्षभर मी घडवत होते ती मंगी नव्हतीच.

"घरला कोन हाय?" म्हातारीनं विचारलं.

"सासू. वाचा गेलीय त्यांची."

"ऐकती न्हवं?"

मी पुन्हा डोळे मिटले. या वेळी घडवायला नाही गेले. स्टेशनावर गेले. मंगी बाकावर बसली होती, एक वेणी सुटलेली. मी तिची वेणी घातली, गुडघ्यावर हात फिरवला, घरातून निघणाऱ्या माणसाला देतात तसं तिच्या हातावर दही घातलं. म्हटलं, चुकलं माझं. आता थांबू नकोस, जा. तिनं दही चाटलं, हात फ्रॉकला पुसला आणि ती निघाली. वळून बघेल असं मला फार वाटत होतं. बघितलं नाही तिनं. भर दुपारी, परक्या गावात, मी पदर तोंडाशी धरून रडले.

सावरले तेव्हा पायरीवर म्हातारी नव्हती. संगमाचा घाट लांबवर मोकळा दिसतो, पण मला ती कुठं दिसली नाही. ती कोण होती, तिला कसं कळलं, याची मी कुणाशी चर्चा करत नाही. वाटेत माझे ओठ हलत असतील, तिनं पाहिलं असेल. तसंही असेल. मी पाण्याला नमस्कार केला, औषधं घेतली आणि परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले.

घरी आले, शेजारीण गेली. मी आत्यांच्या कॉटवर, त्यांच्या डाव्या हाताशी बसले. इतकी जवळ मी कधी बसले नव्हते. विचारलं, "आत्या, मी वर्षभर बडबडत होते, ते तुम्हाला ऐकू येत होतं?" आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांची नजर माझ्या शेजारी गेली, तिथून दाराकडं गेली, आणि डावा हात उचलून त्यांनी पंजा हलवला. कुठं आहे, असं विचारतात तसा.

"गेली, आत्या. मीच लावून दिली."

आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मधल्या भिंतीपलीकडं पडून या बाईनं माझा शब्दन् शब्द ऐकला होता. स्वतःविषयीच्या तक्रारींसकट ऐकला होता. वर्षभर मंगी त्यांच्याही सोबतीला होती, आणि मी तिला त्यांना न विचारताच घालवून आले होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या केसांवर आला, आणि किती तरी दिवसांनी मला समोर कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

आता सकाळी देवीची पूजा करते, निरोपासकट. नंतर आत्यांचे व्यायाम. ओठ मिटायचे, उघडायचे, जीभ टाळूला लावायची. मंगीची आठवण येत नाही असं नाही. भाजी निवडताना हात थांबतो, समोरची जागा फार रिकामी दिसते. पण मी बोलवत नाही. मागणं आपल्या हातात असतं, ते कुठून पुरं करायचं हे देवाचं त्याला ठाऊक. एवढं कळायला मला पन्नास वर्षं लागली आणि एका अनोळखी म्हातारीला माझ्यासाठी गाडीत खाली बसावं लागलं, तिचे उपकार मी कसे फेडू?

परवा व्यायाम चालू असताना आत्यांच्या घशातून आवाज निघाला. "मं." डॉक्टर म्हणाले होते, ओठ मिटून निघणारे आवाज आधी परत येतात. म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही, पुन्हा करा म्हटलं. आत्यांनी दम घेतला, कपाळावर घाम आला, आणि डोळे माझ्यावर रोखून त्या म्हणाल्या, "मं... गी."

मी त्यांचा हात धरून म्हटलं, "व्हय आत्या, मंगी."