विद्यापीठाची वाटणी

जमिनीची वाटणी सगळ्यांकडे होते. भांड्यांची होते, गुरांची होते, विहिरीच्या पाळ्यांचीही होते. विद्यापीठातल्या विषयांची वाटणी करणारं घर मात्र चिंचवडपासून चाकणपर्यंत आमचं एकटंच असावं. ती वाटणी झाली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि शाळेत पहिली आले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात ते कोणी सांगितलं नाही.

आमचं गाव पवनेच्या काठी, चिंचवड स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घर एक, पण चुली दोन. एक थोरल्या चुलत्यांची, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि दुसरी आमची. माझ्या जन्माआधी दोघा भावांनी जमीन वाटून घेतली होती. त्याची आमच्याकडे पद्धत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला वाटे करताना लबाडी करत नाही, कारण उरलेलं त्याच्याच पदरात पडणार असतं. आबांनी दोन सुपाऱ्या मांडल्या, एक नदीकाठच्या मळ्याची आणि दुसरी माळाची, आणि माळाबरोबर जास्तीची जमीन जोडून दिली. वडिलांनी मळ्याची सुपारी उचलली. आबा तेव्हा हसले होते म्हणे. त्या हसण्याला माझे वडील जन्मभर घाबरले. पुढे घरात आबा म्हणतील ती पूर्व दिशा झाली, आणि मळा मिळवणारा माणूस माळ मिळवणाऱ्यापुढे मान खाली घालून वावरायला लागला.

आबांना दोन मुलगे. थोरला मॅट्रिक होऊन घरीच बसला होता. धाकटा माझ्याच वर्गात, माझ्याहून काही महिन्यांनी मोठा. तो त्या वर्षी कसाबसा सुटला. पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहत होता, शेतातून त्याच्या भिंती वर येताना दिसायच्या, आणि आबांच्या मनाने घेतलं होतं की आता पुढचे दिवस शिकलेल्यांचे. त्यांनी शाळेच्या मास्तरांना सांगून पुण्याहून विद्यापीठाचं माहितीपुस्तक मागवलं. ते इंग्रजीत होतं. घरात इंग्रजी नीट वाचता येणारी मी एकटी, म्हणून रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

आबांनी विद्यापीठाकडे जमीन बघावी तसं बघितलं. मी एकेका विभागाचं नाव वाचायची, तिथे काय शिकवतात ते सांगायची, आणि ते तंबाखू मळत त्याची प्रत ठरवायचे. संस्कृत आणि अर्धमागधी त्यांनी भटजींचं रान म्हणून सोडून दिलं. तत्त्वज्ञान ऐकून ते म्हणाले, हे डोंगरपड, इथे कुसळंसुद्धा उगवायची नाहीत. भूगर्भशास्त्रात दगड शिकवतात म्हटल्यावर त्यांना राग आला; माळावर दगड काय कमी होते? मानसशास्त्राला ते पोट धरून हसले. फ्रेंच, जर्मन आणि फार्सी त्यांनी लांबचं रान म्हणून बाजूला केलं. प्राणिशास्त्रात बेडूक फाडतात म्हटल्यावर काकू उठून आत गेल्या. शेतकीचं पान मी वाचायला घेतलं तर आबांनी हातच आडवा केला. शेती शिकायला कॉलेजात जायचं म्हणजे बापाचा अपमान होता. कायद्याला मात्र त्यांचे डोळे चमकले. ज्या घरात भावकीशी बांधावरून दावे चालू असतात तिथे वकील म्हणजे बारमाही पाण्याचं रान.

गणिताच्या पानावर मी जास्त वेळ थांबले. बाकीचं मी वाचून दाखवत होते, गणित मात्र सांगत होते. मी आबांना म्हटलं की या विषयात एकदा सिद्ध झालेली गोष्ट कोणी मोठा माणूस नाही म्हणाला म्हणून खोटी होत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुढचं पान उलटायला सांगितलं. धाकटा चुलतभाऊ खांबाला टेकून बसला होता. एरवी तो या वाचनात पेंगायचा. त्या संध्याकाळी तो जागा होता.

आबांनी मग वाटणीच करायची ठरवली. एका घरातल्या दोघांनी एकच विषय घेतला तर उद्या एकाच नोकरीवरून त्यांच्यात भाऊबंदकी होईल, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळ्या विद्यापीठाचे चार वाटे केले. एक कायद्याचा, एक इतिहास आणि अर्थशास्त्राचा, एक गणिताचा, आणि भाषा, तत्त्वज्ञान वगैरे उरलंसुरलं मिळून चौथा. विज्ञान त्यांनी बेडकांसकट वगळलं. गुरुवार बघून ओट्यावर घोंगडी अंथरली, तिच्यावर चार सुपाऱ्या मांडल्या आणि कुठली कशाची ते दोनदा सांगितलं. वडील, काकू, माझी आई, सगळी होती.

मी त्या दिवशी नवं परकर-पोलकं घातलं होतं. रात्रभर मला झोप नव्हती, कारण पद्धत माझ्या बाजूने होती. तिघांत मी सगळ्यात धाकटी, म्हणजे आधी उचलायचं मी. आबांनी ‘उचला’ म्हटलं आणि मी हात पुढे केला, गणिताच्या सुपारीवर.

आबांनी माझा हात धरला नाही. ते नुसतं म्हणाले, “तू कुठं? लेकीचा वाटा न्हाई धरला मी. वाटण्या पोरांच्या असत्यात.”

माझा हात तसाच घोंगडीवर राहिला. कोणी तो मागे घे म्हणालं नाही. वडील सुपाऱ्यांकडे बघत होते. एकदा उचलली होती त्यांनी, तेवढीच त्यांची हिंमत होती आणि ती संपली होती. मग धाकट्या चुलतभावाने हात पुढे केला आणि माझ्या बोटांखालची सुपारी काढून घेतली.

तो भाषांचा वाटा घेणार होता. तसं तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता, कारण भाषेत पाठ केलं की भागतं असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. नवाच्या पाढ्यात अडकणारा हा मुलगा गणित घेऊन बसला. मी त्याला नंतर गोठ्यात गाठून विचारलं, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, “तुजा हात तिकडं गेला, म्हंजी त्यात कायतरी असणारच की.”

त्याला शहाणपण वाटत होतं ते. भावकीत असंच शिकवलेलं असतं: दुसऱ्याची नजर ज्या तुकड्यावर आहे तो चांगला, मग आपल्याला त्यात काय पेरता येतं ते नंतर बघू. थोरल्याने कायदा उचलला, पण कॉलेजात तो कधी गेलाच नाही, घरीच बसून राहिला. उरलेल्या दोन सुपाऱ्या काकूंनी कातरून पानात घातल्या. म्हणजे अर्धं विद्यापीठ घरात कोणालाच नको होतं, तरी त्यातलंही मला द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी रडले नाही. मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आबांसमोर आवाज चढवला आणि आईच्या हातची चपराक खाल्ली. आबा मात्र शांत होते. लेकीला वाटा नसला तरी चोळीबांगडी असते, असं ते म्हणाले, आणि माझी चोळीबांगडी त्यांनी सगळ्यांदेखत ठरवली. पोराला गणित जड जाणार, ते मी घरी शिकवायचं. “तो पास झाला की तुजं बगू,” असं म्हणाले. त्या ‘बगू’वर मी चार वर्षांहून जास्त काढली.

चुलतभाऊ रोज चिंचवडहून गाडीने पुण्याला जायचा. तिथे तो काय करायचा ते मला त्याच्या शर्टाला येणाऱ्या सिगारेटच्या वासावरून कळायचं. पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून त्याने फाउंटन पेन घेतलं होतं, ते खिशाला लावून तो गावभर हिंडायचा. पुस्तकं मात्र माझ्याकडे यायची. तो हातपाय धुऊन जेवून येईपर्यंत मी पुढचा भाग वाचलेला असायचा. कॅल्क्युलस मी चुलीपुढे बसून शिकले. कोणी शिकवलं नाही. एका उदाहरणावर मी दोन दिवस अडले होते आणि भाकरी थापताना ते सुटलं, तेव्हा भाकरी करपली आणि आई ओरडली. मला इतका आनंद झाला होता की ओरडणं ऐकूच आलं नाही.

मग तो यायचा आणि आमची शिकवणी सुरू व्हायची. मी त्याला छळलं. मी त्याचं उत्तर चुकलं की ते मोठ्याने वाचून दाखवायची, आतल्या बायकांनाही ऐकू जाईल असं. तेच उदाहरण त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची, त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एकदा पट्टी मारली, धारेने. मिशा फुटलेला मुलगा, तो माझ्यासमोर हात पुढे करून बसला. मला फार बरं वाटलं. आता म्हातारपणी तरी मी खेद व्यक्त करावा असं माझ्या मुलीला वाटतं, पण मला खेद नाही. त्या घरात माझ्या वाट्याला आलं होतं ते तेवढंच, त्याचा पुढे केलेला हात.

पहिल्या वर्षी तो नापास झाला. आबांनी त्याला शब्दाने दुखावलं नाही. ते आमच्या चुलीकडे आले, दारातच उभे राहिले, आणि मी नीट शिकवत नाही म्हणाले. माझ्या मनात पाप आहे, असंही म्हणाले. वडील जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत कुस्करला आणि मला सांगितलं की पोरी, जरा मन लावून शिकीव.

मी मन लावून शिकवलं. त्याच्यावर दया आली म्हणून नाही, तो पास झाल्याखेरीज माझा नंबर लागणार नव्हता म्हणून. त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, तर मी त्याच्याकडून उदाहरणांचे प्रकार पाठ करून घेतले, जसा बैलाला रस्ता पाठ होतो. हे असं दिसलं की असं करायचं, का ते विचारायचं नाही. का ते मी माझ्यासाठी ठेवलं. तो इंटर झाला. मी आबांकडे गेले. ते म्हणाले, आता अर्ध्यात कुठं सोडतेस, डिग्री तरी होऊ दे, मग बगू. मला स्थळं येत होती, ती आबांनीच परतवली. त्यांचं मला कौतुक वाटावं असं आईला वाटत होतं. मला कळत होतं की त्यांना मी हवी होते ती शिकवणीपुरती.

आणि तो बी.ए. झाला. गणित घेऊन, तिसऱ्या वर्गात, पण झाला. गावात पहिलाच. आबांनी चिंचवडहून पेढे आणले आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दिले. तो खांबाला टेकून उभा होता, खिशाला पेन. लोक त्याला गणितातलं काहीबाही विचारत होते आणि तो हसत होता. मी त्या गर्दीतच पुढे झाले. आबांना म्हटलं, तो पास झाला, आता माझं बघा. जूनमध्ये माझं नाव घाला, मला गणितच करायचं आहे.

आबांनी माझ्याकडे बघितलं ते रागाने नाही. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्या घरात माझ्या डोक्यावर पडलेला तो पहिला हात, आणि माझ्या तळव्यावर पेढा ठेवत म्हणाले, “आता कशाला गं? गणित आलं की घरात. तूच आणलंस. आता आणिक तू जाऊन काय करणार?”

त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा असती तर मी उभं घर पेटवलं असतं. पण ते मनापासून बोलत होते. माझं कौतुक करत होते. मी चुलतभावाकडे बघितलं. त्याने एक शब्द बोलायचा होता, एवढंच की आबा, मला यातलं काही येत नाही. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं. तो पेढा चघळत नदीकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात चऱ्होलीचे पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या मामांनी मुलीचं शिक्षण विचारलं. आबा म्हणाले, “मॅट्रिक हाय. पुढं शिकायची तिला काय हौस नव्हती.”

वडील त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी पानाचं तबक पाहुण्यांपुढे सरकवलं.