काशीनं काढलेल्या लुगड्यातल्या हीरॉइनी

काशी आज पहाटे गेली. तिची शाळा माझ्यामुळे सुटली होती.

हे मी आजवर फक्त घरात सांगितलंय. आज सगळ्यांना सांगते.

मी त्र्याण्णव वर्षांची आहे. बोलतेय मी, टाईप करतेय नात. चुका तिच्या.

तेव्हा आम्ही नगरला राहायचो. दुसरं महायुद्ध चालू होतं. वडील मिलिटरीच्या ऑफिसात क्लार्क. काशी राजूरजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. तिचा मामा कॅम्पात एका बंगल्यावर माळी होता, म्हणून ती शिकायला त्याच्याकडे आलेली.

एका बाकावर आम्ही दोघी. बारा वर्षांच्या.

एकदा वडिलांनी ऑफिसातली रद्दी घरी आणली. सोल्जरांनी वाचून टाकलेली मासिकं. त्यात एक जाडसर रंगीत पुस्तक निघालं. कव्हर गायब. आत पाच-सहा वेगवेगळ्या चित्रगोष्टी, आणि प्रत्येक गोष्टीत मुख्य काम बाईचं!

एक उडायची. एक लोखंडी गज वाकवायची. एक विमान चालवायची आणि वर तोंडाला बुरखा.

कॉमिक हा शब्दही आम्हाला माहीत नव्हता. इंग्रजी नुकतं सुरू झालेलं. 'नो' आणि 'हेल्प' एवढंच वाचता यायचं. आणि 'हेल्प' म्हणून ओरडणारे सगळे पुरुष!

काशी पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "सुमे, ह्यांच्या अंगावर कापड लई कमी हाय गं. पन बघ की, एक बी भीत न्हाई."

"थंडी वाजत असेल," मी म्हटलं.

"आपन ह्यांना लुगडी नेसवू."

तिथून सुरू झालं.

शाळेत तेव्हा हस्तलिखित मासिकं निघायची. आम्ही आमचं गुपचूप काढलं. गोष्टी माझ्या, चित्रं काशीची. तिचा हात असा की दोन रेघांत बाई उभी राहायची, आणि तिसऱ्या रेघेत चिडायची.

आमच्याही सहा हीरॉइनी. सगळ्या कासोटा घातलेल्या. एक जण हाताने मिलिटरीचा ट्रक थांबवायची. एक आंधळी होती, तिला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं.

माझी लाडकी गगनाबाई. ती उडायची.

वही वर्गातून वर्गात फिरली. मुली दप्तरात लपवून घरी न्यायच्या. एकीच्या आईनं निरोप धाडला, "पुढच्या गोष्टीत माझं नाव घाला." त्या आठवड्यात आम्ही दोघी जमिनीवर नव्हतोच!

आणि मग मी ती गोष्ट लिहिली.

नगरच्या किल्ल्यात तेव्हा मोठमोठे पुढारी कैदेत होते. घरात त्यांचं नाव काढायची बंदी. वडील इंग्रज सरकारचे नोकर ना.

मी लिहिलं, गगनाबाई तटावरून आत उतरते आणि किल्ल्याचं दार उघडते.

काशीनं दार इतकं सुंदर काढलं होतं. प्रत्येक खिळा.

वही हेडमास्तरांच्या हाती लागली. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रागावण्यापेक्षा ते घाबरलेले होते, हे मला फार नंतर कळलं.

"ही किल्ल्याची कल्पना कोणाची?"

मला एकदम वडील दिसले. त्यांची नोकरी. घरातली सहा माणसं.

मी म्हणाले, "काशीची."

काशीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाली, "व्हय. माजीच."

त्यांनी तिथंच वही फाडली. काशीचं नाव शाळेतून कमी केलं. बंगल्यावरचं काम जाईल म्हणून मामा हादरला. दोन दिवसांत तिला गावी पोचवून आला.

मी तिला निरोप द्यायलाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

पंधराव्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मी शिकत राहिले. मॅट्रिक झाले, संगमनेरला शिक्षिका झाले.

बारा वर्षांनी एकदा राजूरच्या बाजाराला मुद्दाम गेले. काशी तांदूळ विकत बसली होती, कडेला सहा वर्षांची मुलगी.

ओळखलं तिनंच. "सुमे! लई वाळलीस गं."

भर बाजारात मी रडायला लागले. म्हटलं, "काशी, मी तुझं नाव सांगितलं."

ती म्हणाली, "नाव तू घेतलंस. पन 'व्हय' मी म्हनले. ते कुनी म्हनायला लावलं न्हवतं मला."

"का म्हणालीस पण?"

"तुज्या बापाची नोकरी गेली असती तर तुमी कुटं गेला असता? मला जायला गाव हुतं."

बारा वर्षांची पोर. एवढ्याशा वेळात तिनं एवढा विचार केला होता.

मी म्हटलं, आता तरी शीक, मी शिकवते. ती हसली. "माजं ऱ्हाऊ दे. ह्या मंदीला न्हे."

गावात चौथी झाल्यावर मंदा माझ्याकडे संगमनेरला आली. मॅट्रिक होईपर्यंत माझ्याच घरी वाढली. पुढे नर्स झाली, मेट्रन म्हणून रिटायर झाली. काशी दर दिवाळीला एसटीनं यायची, तांदळाचं गाठोडं घेऊन. आली की स्वयंपाकघराचा ताबा तिचा.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल झाला. मी विचारलं, "काशी, खरं सांग, रागावली नव्हतीस कधी?"

"रागावले हुते की! दोन वर्सं."

"मग?"

"मग भातलावनी आली. कुनाला येळ हाय."

दोघी खोकला येईपर्यंत हसलो.

आज सकाळी मंदाचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच."

मला प्रवास झेपत नाही. घरचे जाऊ देत नाहीत. म्हणून इथेच लिहितेय.

काशी, मैत्रिणी, तुला माझा अखेरचा नमस्कार.

— तुझी सुमी