नलूमावशीचं घेणं-देणं

नलूमावशी लिफ्टमध्ये शिरली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली माणसं श्वास रोखून उभी राहत. उपयोग नसे. पांढरी काठी कोपऱ्यात टेकवून ती म्हणे, "सामंत, नातू झाला म्हणे! पेढे पोचले. आमच्या केंद्राला काय?"

हे केंद्र घाटकोपरला. नजर गेलेल्यांना तिथं काठीनं चालायला, स्वयंपाक करायला, बोलणारा मोबाईल वापरायला शिकवतात. शिकणाऱ्यांना सगळं फुकट. केंद्र चालतं ते लोकांच्या देणग्यांवर.

नेमकं तेच मावशीला आधी खुपायचं. बँकेत अधिकारी असलेली, एकटी राहणारी बाई. काचबिंदूनं हळूहळू दृष्टी नेली, तशी ती घरात बसली. केंद्राचं नाव काढलं की फणकारायची, "आमच्या घरात देतात गं, घेत नाहीत."

मी तिच्या शेजारची. एकदा तिच्याकडे गेले, तर तिनं हट्टानं स्वतः चहा केला. साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी मुकाट्यानं प्यायले. मग तिनं आपला कप तोंडाला लावला.

"बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तिनं कप बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे फुकटची दया मी घेतेच आहे. त्यापेक्षा फुकटचं शिक्षण बरं. रिक्षा बोलाव."

शिकली, आणि मग केंद्रासाठी मागायलाही लागली. मागण्यातही अधिकारीपणा तोच. वाढदिवसाला केळी वाटायला येणाऱ्यांना सांगायची, "केळी पुरेत. एका शिक्षिकेचा पगार उचला." एका गृहस्थांनी निसर्गचित्रांची कॅलेंडरं आणली. मावशी पानांवरून हात फिरवत म्हणाली, "चित्रं काय सुरेख आहेत हो!" ते खुशीत "हो ना!" म्हणाले आणि मग एकदम ओशाळले. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून बोलणारी घड्याळं आली.

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. तिनं बजावून ठेवलं होतं तसं मी नेत्रपेढीला फोन केला, पंखा बंद केला, तिच्या मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. जोगेश्वरीहून तिचा धाकटा भाऊ आला आणि माझ्यावर उखडलाच.

"तिचे डोळे? अहो, तिला दिसत नव्हतं! थट्टा करताय का मेलेल्या माणसाची?"

"तिनंच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं," मी म्हटलं. "म्हणायची, मागची वायर जळली आहे, पुढची काच शाबूत आहे."

तेवढ्यात नेत्रपेढीचा माणूस आला. भावानं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "बरोबर सांगताहेत त्या. काचबिंदू असला तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा चांगला असू शकतो. तपासणीत ठीक निघाला, तर दोघांना दिसेल."

भाऊ तिच्या उशाशी बसला. तिच्या कपाळावरचे केस त्यानं मागे सारले.

"नले, तू पण ना!" तो म्हणाला. हसू येता येताच त्याला रडू फुटलं. मग डोळे पुसून त्यानं त्या माणसाला मान हलवून होकार दिला.