दोन डबे आणि आबांची पाठ

उत्कर्षाने बसवलेली गाडी नऊ वर्षांत एकदाही तक्रार घेऊन परत आली नव्हती, आणि हे ती कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकायची. धायरीत मुख्य रस्त्याला लागून तिचं दुकान. गाड्यांमध्ये अॅम्प्लिफायर आणि वूफर, म्हणजे ढोलासारखा जड आवाज काढणारे स्पीकर, बसवायचं काम. माहेर मंडईमागचं. वडील, श्रीनिवास, रेडिओ दुरुस्त करायचे, जमलं तर गिऱ्हाईकालाही. त्यांच्याकडून तिने हात आणि तोंड दोन्ही घेतलं होतं. दुकानात बाई बघून कोणी "मालक कुठायत?" विचारलं, तर ती हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हणायची, "समोर उभे आहेत. बोला."

कामाची तिची रीत ठरलेली. आवाज गेला की बाकीचे आधी अॅम्प्लिफायरच बदलायला सांगतात. अहो, ताप आला म्हणून कोणी डोकं बदलतं का? उत्कर्षा आधी फ्यूज बघायची, मग अर्थिंगची वायर. ती वायर रंगाच्या थरावरच आवळलेली असली तर विजेला वाट मिळणार कुठून? रंग खरवडून पत्रा उघडा केला की निम्म्या गाड्या तिथेच गायला लागायच्या. मग ती अशी काही बघायची, की गिऱ्हाईकाला उगाच शाळेत गेल्यासारखं वाटावं.

दसऱ्याला महिना होऊन गेला आणि रणजित आला. धायरीतलाच, जमीनजुमला असलेल्या घरातला. दसऱ्याला घेतलेली त्याची नवी गाडी उत्कर्षानेच सजवली होती. मागे दोन डबे, प्रत्येकात एक वूफर. तक्रार नाही म्हणाला, उलट आवाज लय भारी आहे. फक्त याहून मोठा अॅम्प्लिफायर बसवायचा होता, आणि तोही वडिलांसाठी.

वडील, जयसिंगआबा, मागच्या सीटवर बसले होते. भैरवनाथाच्या जत्रेत चाळीस वर्षं ढोल वाजवलेला माणूस. आता जवळजवळ ठार बहिरे. पण जुन्या गाडीत जत्रेचं रेकॉर्डिंग लावलं की ढोलाचा ठोका त्यांना पाठीत कळायचा, आणि तेवढ्या जोरावर ते अजून तालात वाजवत होते. नव्या गाडीत मात्र काहीच कळेना. घरच्यांनी ठरवून टाकलं, आबांचं उरलंसुरलंही गेलं. पहिल्यांदा आबा भांडले, खोट गाडीत आहे म्हणून, मग गप्प झाले. परवा तर म्हणाले, यंदा ढोल दुसऱ्या कुणाला द्या. मोठं मशीन लावून एकदा बघू, नाहीतर आपण तरी काय करणार, रणजित म्हणाला.

मोठं मशीन विकायला उत्कर्षाची ना नव्हती. पण आधी तपासल्याशिवाय ती काही विकत नसे. फ्यूज ठीक. अर्थिंग ठणठणीत. मीटर सगळीकडे हवे ते आकडे दाखवत होता, अॅम्प्लिफायरचा दिवा हिरवा. तिने गाणं लावलं. चांगलं वाजत होतं. वायरिंगमध्ये काही दोष नाही, तिने सांगून टाकलं, आणि खरं तर तिथेच विषय संपला असता.

आबांनी तिच्या ओठांकडे बघून ते ओळखलं. सीटवर हात आपटून म्हणाले, "जुन्या गाडीत एकच डबा व्हता, पर त्यो पाठीत बोलायचा. हितं दोन हायती, आन् पाठ मुकी."

रणजितने तिला खूण केली, मनावर घेऊ नका. पण उत्कर्षाने ते मनावर घेतलं. एक बोलायचा आणि दोन मुके? म्हाताऱ्याची पाठच गेली असती तर जुन्या गाडीतही ती गेलीच असती. जुनी गाडी विकून महिनाच तर झाला होता.

तिने एका डब्याची वायर काढली आणि जत्रेचं रेकॉर्डिंग लावलं. आबा ताठ झाले. "आला," म्हणाले. तिने वायर पुन्हा जोडली. आबांचा चेहरा पडला.

तिने पेन्सिल सेल घेतला आणि दोन्ही डब्यांच्या वायरींना आळीपाळीने टेकवला. एका वूफरचा पडदा बाहेर उडाला. दुसऱ्याचा आत गेला. म्हणजे एक हवा ढकलत होता आणि दुसरा तीच हवा ओढून घेत होता. दोघं मिळून ठोका गिळून बसले होते. बाहेरून लालला लाल, काळ्याला काळी, सगळं जागच्या जागी. चूक दुसऱ्या डब्याच्या पोटात होती, आणि ते जोडकाम तिने स्वतः केलं होतं. दसऱ्याचा मुहूर्त टळेल म्हणून रणजित डोक्यावर उभा होता. तिने दोन्ही डबे वेगवेगळे वाजवून बघितले, एकत्र ऐकायचे राहून गेले.

तिने डबा उघडून दोन तारांची अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम. रणजितने विचारलं, काय होतं? सेटिंग हललं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नऊ वर्षांची फुशारकी जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा तारेपायी एका माणसाने आपला ढोल सोडला होता.

ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी.

"आबा, तुमचं बरोबर होतं. तार मी उलटी जोडली होती. चूक माझी."

आणि तिने रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या ठोक्याला सीट थरारली. आबांनी डोळे मिटले, बोटं मांडीवर चालू लागली, एक ठोका न चुकता. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

रेकॉर्डिंग संपलं, तसे आबा रणजितकडे वळले.

"ढोल मीच वाजवनार. म्हैनाभर सांगत व्हतो, डबं मुकं हायती म्हून. आता सांग, भैरं कोन हाय?"