विलासकाकांची यादी

“वर्ग तर बंदच झाला ना आता. जादाच्या खुर्च्या टाकू त्या खोलीत,” आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका शेजारच्यांना हळू आवाजात सांगत होते. खाली पार्किंगमध्ये विलासकाकांच्या तेराव्याचं जेवण चाललं होतं आणि मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. मी त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं आणि पुढे गेले. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर वर घरी आलं. त्यात वाईट काही नव्हतं. शिकवणारा माणूस गेला, म्हणजे वर्ग संपला. कोणीही असंच म्हणालं असतं.

विलासकाका आमच्या समोरच्या दारात राहायचे, नवी मुंबईत सीवूड्सला. मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या कारखान्यांचे आणि दुकानांचे बोर्ड रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग फ्लेक्स आला आणि हाताने अक्षर काढणाऱ्याला कोणी बोलवेनासं झालं. त्यांच्या मुलाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना यांना मिळाला, आणि साठीला टेकलेला हा माणूस त्यावर वेबसाइट बनवायला शिकू लागला. फुकटचे व्हिडिओ पुष्कळ होते, पण चांगले ते सगळे इंग्रजीत. एक दिवस त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं. “आगं तन्वी, तू इंग्लिश मीडियमची ना? हा गोरा काय सांगतोय ते जरा सांग की मला.” मी लोकांशी फारशी बोलत नाही. पण दुसऱ्याचं बोलणं सांगायचं म्हणजे त्यात आपलं स्वतःचं काही उघडं पडत नाही... म्हणून मी हो म्हटलं असावं.

अडचण अशी की मला इंग्रजी कळायचं आणि मराठीत सांगता यायचं नाही. ‘पॅडिंग’ला मी नुसतीच अडखळत बसले होते. काकांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बोर्डाच्या कडेला मोकळी जागा सोडतो ना आपण, तीच ही.” ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणजे रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. असं करत आम्ही दोघं मिळून शिकलो. त्यांची पहिली वेबसाइट शेजारच्या गावातल्या शेवंताताईंच्या मसाल्याची. काकांनी लॅपटॉपच्या पडद्याला स्टीलची पट्टी लावून माप घेतलं आणि त्या मापात अक्षरं बसवली. झकास दिसत होती. शेवंताताईंनी ती फोनवर उघडली, तर अर्धं नाव पडद्याबाहेर. “माझा मसाला कोनी खाल्ला?” त्यांनी विचारलं. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “इतकी वर्षं बोर्ड एका जागी राहायचा आणि माणसं हलायची. इथं बोर्डच गिऱ्हाईकाच्या हातात आहे. हे शिकायला पायजे.” आठवडाभर बसून त्यांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून केलं. शेवंताताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, “मलापन शिकवा.”

वर्ग सुरू झाला तो असा. मीटर रूमला लागून असलेली छोटी खोली, दर रविवारी चार वाजता. सात-आठ बायका, घरगुती व्यवसाय करणाऱ्या, बहुतेकींकडे फक्त फोन. त्यांच्यासाठी काकांनी एक यादी केली, कुठे काय शिकायचं याची. माझ्या एका मावसभावाने शंभर उत्तम साइट्सची भलीमोठी यादी पाठवली होती, ती काकांनी बाजूला ठेवली. त्यांचा नियम होता : जिथे शिकलो, तिथलं शिकून एका खऱ्या माणसाचं एक खरं काम करायचं, मगच ती जागा यादीत. त्यामुळे तीन वर्षांत यादी जेमतेम पंधरा-सोळा ओळींची झाली. पण प्रत्येक ओळीपुढे त्यांचा शेरा आहे. ‘पाया इथे घाला. लिहिलेलं लगेच शेजारी दिसतं.’ ‘रंगांच्या जोड्या इथे. पिवळ्यावर पांढरं सुचवलं तर ऐकू नका.’ ‘फुकट अक्षरं इथे. आधी क्ष आणि ळ लिहून बघा, मग घ्या.’ ‘बाबा चांगला शिकवतो पण घाईत आहे. वेग पाऊण करा.’ आणि हलत्या चित्रांच्या एका देखण्या साइटपुढे नुसतंच, ‘सुंदर आहे. आपल्याला लागत नाही.’

वर्गात मी त्यांच्या शेजारी बसायची. व्हिडिओ थोडा चालवायचा, थांबवायचा. मी काकांच्या कानाशी सांगायची, काका मोठ्याने सगळ्यांना सांगायचे. पुढे पुढे शंकांची उत्तरंही मीच सांगायला लागले, तीही कानातच. तीन वर्षांत त्या खोलीत माझं एक पूर्ण वाक्य कोणी ऐकलं नसेल. एकदा मात्र त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि खुर्ची मागे घेतली. “आज तू सांग.” सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे घेतली. मग काही झालंच नाही अशा आवाजात स्वतः सांगायला लागले. पुन्हा त्यांनी मला कधी विचारलं नाही. मला त्याचं तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

एका सकाळी चहा पिताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्यांची यादी उघडायची. एक ओळ उघडेना, साइटच बंद झाली होती. ती जागा रिकामी सोडणं मला पटेना. दुसऱ्या एका साइटवर मी पूर्ण धडा शिकले, काकूंच्या परवानगीने काकांनी रंगवलेल्या जुन्या बोर्डांच्या फोटोंचं एक पान केलं, आणि मगच ती ओळ यादीत घातली. शेरा लिहायला मला दोन दिवस लागले.

गेल्या रविवारी चार वाजता मी खाली गेले. काय करणार होते, मला सांगता येणार नाही. खोलीच्या दाराशी शेवंताताई उभ्या होत्या, बरोबर आणखी दोघीजणी, तिघींच्या हातात फोन. आत छतापर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या रचल्या होत्या. परबकाका हातात कुलूप घेऊन उभे होते.

“तुम्हाला कळवायचं राहिलं, ताई,” ते म्हणाले. “वर्ग बंद झाला. विलासराव गेले, आता शिकवणार कोण?”

“आमचं अर्धंच झालंय पन,” शेवंताताई म्हणाल्या. “हिचं तर पान बी उघडलं नाय अजून.”

“मी तरी काय करू सांगा.” परबकाकांनी दार ओढून घेतलं. कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. बघायचं कारणच नव्हतं. मी पुढे होऊन दारावर हात ठेवला. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“शिकवायला आम्ही दोघं होतो, काका. त्यातली मी आहे अजून. या खुर्च्या बाहेर काढू या.”