एकाच जागेचे दोन फोटो

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं आईचं पक्कं मत. पालघरात माझा स्टुडिओ, गावभराचे चेहरे मी काढायचो आणि घरात आईचा एक फोटो नाही! वर्षभर मागे लागलो, तेव्हा कुठे एका सकाळी वाणगावच्या घरी ती दाराच्या आत पाटावर बसली.

आत काळोख, तिच्या मागे दारातून उन्हातली वाडी. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एकच झेपतं. वाडी साधली की चेहरा काळा, चेहरा साधला की वाडी पांढरीफटक. म्हणून कॅमेरा स्टँडवर पक्का करून दोन फोटो घ्यायचे, पहिला उन्हाचा, दुसरा सावलीचा, आणि डार्करूममध्ये दोन्ही एकाच कागदावर उतरवायचे.

“एक काढलास ना? मंग दुसरा कशाला?” आई वैतागली.

“हलू नकोस गं!”

बसली बिचारी. दुसराही झाला.

तेव्हा रोल मिळायची मारामार. उरलेला संपवू म्हणून दुपारी गाडीनं वैतरणा स्टेशनला उतरलो. खाडीवर ढग झकास आले होते. युद्धाचे दिवस, शेजारी रेल्वेचा पूल, पण माझी अक्कल गहाण पडलेली! दोन फोटो घेतले, वहीत उजेडाचे आकडे टिपले, तोच कुणीतरी मागून मानगूट धरली. पुलावरचा पहारेकरी होता.

“एकाच जागंचे दोन फोटो कशाला? आन् हे आकडे कसले?”

“एक आभाळाचा, एक पाण्याचा!” मी खेकसलो. खरं बोललो आणि तेच नडलं.

“हेर हाय, हेर!” गर्दी ओरडली. दोघांनी माझे हात धरले. पहारेकऱ्यानं कॅमेऱ्यातून रोल काढला आणि भर उन्हात उलगडायला लागला. शेवटी काढलेले फोटो गुंडाळीत सगळ्यात वर असतात. ऊन लागून आधी खाडी गेली. गेली तर गेली! पण आत आई होती.

“अरे थांब! माझी आई हाय त्यात! पाया पडतो तुझ्या!”

तो उलगडतच राहिला. एवढ्यात स्टेशनमास्तर धावत आले. त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. त्यांनी मला सोडवलं, तोवर शेवटचा एक वेढा उरला होता.

त्यातून एकच फोटो वाचला, पहिला. वाडीतली झावळी न् झावळी लख्ख. पुढ्यात आई, नुसती काळी आकृती.

“बरं झालं, तोंड नाय आलं,” ती म्हणाली. पुन्हा बसायला तयार होईना. मी छापताना चेहऱ्यावर बोटाची सावली धरून उजेड अडवून पाहिला, दहा कागद वाया घालवले. कानातली कुडी तेवढी दिसली.

वर्षाच्या आत आई गेली. तेराव्याला नातेवाईक माझ्या तोंडावर म्हणाले, फोटोनं नेली तिला.

अहो, पण आली कुठे होती ती फोटोत?