नानांना मारायचं नाही

चहाला बसल्यावर कुणी टीव्हीवरच्या मालिकेतली चूक काढली, की आमच्या पिच्चरचा विषय निघतो आणि कपातला चहा गार होतो. किस्से साठलेतच तेवढे! देवाशपथ सांगतो, सगळं खरं आहे. मी पहिल्या दिवसापासून तिथं होतो. म्हणजे पहिल्या दिवशी साखरपुड्याला गेलो होतो, पण ऐकलंय इतक्यांदा, की होतोच म्हणा!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आमच्या दिलीपभाऊला पिच्चर काढायची खाज सुटली. कॅमेरा लग्नातलाच. शूटिंग फक्त रविवारी. चेहऱ्यावर उजेड पाडायला थर्माकोल धरायचं काम माझं.

हिरोच्या बापाच्या कामाला गल्लीतले नाना. सगळं करायला तयार, अट एकच. "बठ्ठं करसू, पन माले मारानं नही!" पिच्चरमधला बाप इंटरव्हलच्या आत मरतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. दिलीपभाऊनं हातावर हात मारून शब्द दिला.

---

गाणं पहूरकडच्या केळीच्या बागेत. एका रविवारी अर्धं झालं. पुढच्या रविवारी गेलो, तर सगळे घड कापलेले! मालक म्हणाला, "माल भरायला गाडी लागली भो! तुमच्या गाण्यासाठी थांबवू का?"

पहिल्या कडव्यात हिरोच्या डोक्यावर घड लोंबतायत, दुसऱ्यात बाग रिकामी. पुढं पिच्चर तिथंच दाखवला, तेव्हा एक म्हातारा ओरडला, "पोरगं लय खादाड आहे!"

दिलीपभाऊ शांत. "प्रेमात भूक लागते."

---

हिरो मुंबईला निघतो. आई रडते, एसटी सुटते. पाटी इथल्या जवळच्याच नरडाण्याची!

"मुंबईले निंघना नि नरडाणानी गाडीम्हा बसना!" सगळी गल्ली हसली.

"नरडाण्याला रेल्वे स्टेशन आहे की! पुढं गाडीनं गेला," दिलीपभाऊ म्हणाला.

---

वादळात घरातली लाईट जाते, असा सीन. अंधार, किंकाळी... आणि मागं टेबलफॅन गरगर फिरतोय! दीपनगरच्या कॉलनीत दाखवला तेव्हा वीज केंद्रातलेच लोक समोर. सगळे दिलीपभाऊकडे वळले.

"एकच फेज गेली होती!"

टाळ्या पडल्या हो!

---

पण शेवटचा लग्नाचा सीन राहिला होता, आणि नाना गेले. खरंच गेले.

हिरो म्हणाला, "भाऊ, सोपं आहे. फोटोला हार घालू."

दिलीपभाऊ त्याच्या अंगावर धावला. "शब्द दिलाय मी! पिच्चरमध्ये नाना मरणार नाहीत!"

मग नानांचा धाकटा भाऊ आणला. नानांचा कोट, नानांची टोपी. कॅमेऱ्याकडे पाठ करून मांडवात बसवला, अक्षता टाकायला लावल्या.

पहिला खेळ नानांच्याच अंगणात. समोर अक्का, म्हणजे नानांची बायको. मागं आम्ही सगळे. मांडव आला. कोट आला, टोपी आली.

अक्का म्हणाल्या, "नाना कधी इतला ताठ बसनात का?"



आता रचलेलं कुठलं, तेही सांगून टाकतो. अक्कांचं ते वाक्य माझं आहे. त्या काही बोलल्याच नाहीत. टोपी दिसली, तसा त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, नाना दारात आले की घ्यायच्या तसा, आणि सरकून शेजारी जागा केली.